मोंटॉक १७ घ्यावी की १७० मोंटॉक?

नावात एका शून्याचा फरक. कंपनी एकच, आणि फोटो शेजारी ठेवले तर माझ्या मुलीला कुठली कोणती ते सांगता येईना. बोस्टन व्हेलर या बोटी बनवणाऱ्या कंपनीची जुनी मोंटॉक १७, जी २००२पर्यंत बनत होती, आणि तिच्या जागी २००३ला आलेली १७० मोंटॉक. दोन्ही उघड्या, दोन्हींना मधोमध कन्सोल (सुकाणूची उभी पेटी), नाळेकडे म्हणजे पुढच्या टोकाला स्टीलचा कठडा, मागे एक इंजिन. मे ते जुलै मी या दोनच बोटींच्या मागे होते. वापरलेली बोट घ्यायची हे ठरलेलंच होतं. शेवटी दोन विकाऊ बोटी हाताशी राहिल्या. एक १९८४ची, एक २०१६ची. दोन्ही चालवल्या, एक घेतली. बार्नेगट खाडीत फिरणाऱ्या आणि हाच विचार करत असलेल्या मराठी घरांसाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा, आणि उन्हाळ्यात चार महिने माझे बाबा. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. उरणजवळचं मोरा ते मुंबईचा भाऊचा धक्का या लाँचवर त्यांनी एकतीस वर्षं सारंग (लाँच चालवणारा) म्हणून काढली. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. बोट घ्यायचं खरं कारण तेच. इथे येऊन ते चार महिने खिडकीतून गाड्या बघत बसतात, ते मला बघवत नव्हतं.

कागदावरचे आकडे आधी सांगते, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. जुनी १६ फूट ७ इंच लांब, नवी १७ फूट. पाच इंचांचा फरक, कोण विचारतो? पण रुंदी बघा: जुनी ६ फूट २ इंच, नवी ६ फूट १० इंच. आणि नुसत्या सांगाड्याचं वजन जुनीचं साधारण ९५० पौंड, नवीचं १,४००. म्हणजे दोनशे किलोंहून जास्त फरक. एवढ्याशा बोटीत दोनशे किलो म्हणजे तीन माणसं कायमची तळाशी बसवून ठेवल्यासारखं. लांबीवरून या दोन बोटी बहिणी वाटतात. वजन आणि रुंदी पाहिली की नातं बरंच लांबचं निघतं.

तळाचा आकारही वेगळा. जुनीचा तळ म्हणजे मध्ये एक कणा आणि दोन्ही बाजूंना दोन धावपट्ट्या, तीन पायांवर उभी असल्यासारखी. म्हणून ती धक्क्याला बांधलेली असताना आम्ही चौघं एका काठावर उभे राहिलो तरी ती फारशी कलली नाही. बाबांनाही याचं कौतुक वाटलं. नवीचा तळ पुढे अधिक खोल व्ही आकाराचा आहे, आणि रुंदी वाढल्यामुळे कलण्याच्या बाबतीत तीही तितकीच निवांत. धक्क्याला बांधलेल्या बोटींची परीक्षा घेतली असती तर मी डोळे मिटून जुनी घेतली असती, कारण ती जवळपास निम्म्या किमतीत होती.

या कंपनीच्या बोटींवर माझा जीव का बसला तेही सांगायला हवं. डिक फिशर यांनी १९५८मध्ये पहिली तेरा फुटी बोट विकायला आणली. आत-बाहेर फायबरग्लासची कवचं आणि दोन्हींच्या मध्ये गच्च भरलेला फोम. १९६१च्या लाइफ मासिकात त्यांची छायाचित्रं छापून आली: ते बोटीत बसलेले आहेत, बोट करवतीनं मधोमध कापली जाते आहे, आणि मग ते अर्ध्या बोटीत बसून इंजिन चालवत निघून जातात. ही चित्रं मी बाबांना दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हन्जे बुरत नाय?" नाही, बुडत नाही. १७० मोंटॉक काठोकाठ पाण्यानं भरली तरी २,००० पौंड वजन तोलून धरते असं कंपनीच्या माहितीपत्रकात आहे. दोन लहान मुलं आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस घेऊन निघणाऱ्या बाईला याहून मोठी गोष्ट दुसरी नाही. जुन्या मोंटॉकलाही तोच फोम आहे, त्यामुळे या मुद्द्यावर दोघी बरोबरीत.

पण तोच फोम जुन्या बोटीत घात करू शकतो. चाळीस वर्षांत कोणी मासे शोधायचं यंत्र बसवायला मागच्या पाटीत (जिच्यावर इंजिन लटकतं) स्क्रू ठोकलेले असतात, कोणी शिडी, कोणी आणखी काही. भोक नीट बुजवलं नाही की पाणी आत झिरपतं आणि फोममध्ये बसून राहतं. वरून बोट चकचकीत, आतून ओली. आणि दोन कवचांत कोंडलेला फोम सहजासहजी वाळत नाही. म्हणून जुनी व्हेलर बघायला जाताना मूठभर वेळ रंगाकडे द्या आणि पोतंभर वेळ वजनाकडे.

आम्ही तेच केलं. मालक भला माणूस. त्यानं वेअरटाउनहून बोट ट्रेलरसकट ट्रकच्या वजनकाट्यावर आणायला लगेच होकार दिला. वजन भरलं २,०१० पौंड. ट्रेलर ५५० (त्याच्या कागदावर लिहिलं होतं), इंजिन साधारण २५५, सांगाडा ९५०, आणि टाकी, पेट्रोल, बॅटरी, नांगर मिळून दोनेकशे. बेरीज १,९५५. फरक पंचावन्न पौंडांचा, तो दोऱ्या, जॅकेटं आणि शीतपेटीत सहज जातो. बाबांनी तोवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं मागची पाटी वीत-वीत ठोकून ऐकली होती. आवाज सगळीकडे टणक. मालकाच्या परवानगीनं खालचा एक स्क्रूही काढून पाहिला. भोक कोरडं होतं. चाळीस वर्षांची बोट आणि आतून कोरडी. ज्यानं ती सांभाळली त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटला.

इंजिनाबद्दल एक गोष्ट इथेच, कारण जुनी मोंटॉक बघणाऱ्यांची हमखास चूक इथे होते. तो सांगाडा हलक्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या काळातला आहे. आजची फोर-स्ट्रोक जड असतात. मर्क्युरीचं सध्याचं ९० अश्वशक्तीचं इंजिन ३५९ पौंडांचं आहे. ते जुनीच्या पाठीवर लटकवलं की बोट मागे बसते आणि उभ्या जागी पाणी मागून आत डोकावतं. या बोटीच्या मालकानं यामाहाचं ७० अश्वशक्तीचं लावलं होतं, जे त्याहून शंभर पौंडांनी हलकं आहे. बरोबर निवड. कोणी जुनीवर मोठं जड इंजिन लावून "फार पळते" म्हणून विकत असेल तर दोन माणसांना मागे उभं करा आणि पाण्याची रेषा बघा.

आता पाण्यावर.

बार्नेगट ही खाडी चाळीसेक मैल लांब, उत्तर-दक्षिण पसरलेली आणि उथळ. बहुतेक ठिकाणी खोली पाच-सहा फूट. समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये वाळूची लांबच लांब बेटं आहेत, म्हणून आत मोठी लाट येत नाही. मोऱ्याला उधाणाच्या भरतीत चार-साडेचार मीटर पाणी चढताना पाहिलेल्या बाबांना इथली वीतभर भरती बघून गंमत वाटली. पण उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेचा वारा सुटतो, आणि तो या खाडीच्या लांबीवरून धावत येतो. उथळ पाण्यावर लांब अंतर धावलेला वारा आखूड, उभ्या, एकामागोमाग एक लाटा काढतो. दीड-दोन फुटांच्या. ऐकायला काहीच नाही. सतरा फुटी बोटीत मात्र एका लाटेवरून उतरेपर्यंत दुसरी तळाला लागलेली असते.

म्हणून मी प्रत्येक मालकाला एकच अट घातली: दुपारी दोननंतर फिरवून दाखवा. एका विक्रेत्यानं (या दोघांपैकी नव्हे) सकाळी नऊशिवाय वेळच दिली नाही, वारा असेल तर रद्द, असंही बजावलं. आम्ही तिकडे गेलोच नाही. बाबांचं मत आधीच पडलं होतं. "सकालचा पानी काय बघतेस? दुपारी वारा सुटल्यावर बघू."

जुनी आम्ही वेअरटाउनहून काढली. सुरुवातीला खाडी आडवी ओलांडून बार्नेगटच्या दीपगृहाकडे गेलो. १८५९पासून उभा असलेला तो लाल-पांढरा मनोरा मुलांना फार आवडतो. वारा अजून जोरात नव्हता. काय बोट आहे! इंजिनाचा दांडा पुढे केला की तीन-चार सेकंदांत पाण्यावर चढते आणि मग घसरतच राहते. सुकाणू दोन बोटांनी फिरतं. हलकेपणाचा आनंद काय असतो ते मला तिथे कळलं. ताशी तीस मैल सहज, आणि इंजिन ओरडतसुद्धा नाही. नवरा तर तिथेच व्यवहार पक्का करायला निघाला होता.

मग उत्तरेला फोर्कड रिव्हरच्या पुढे जाऊन परत फिरलो, वारा तोंडावर घेऊन. पहिल्या दहा मिनिटांत तीन दणके असे बसले की मुलाचे दात वाजले. वेग बारा-तेरा मैलांवर आणला तेव्हा दणके कमी झाले, पण थांबले नाहीत, आणि हळू गेल्यावर नाळेवरचं पाणी उडून थेट अंगावर यायला लागलं. मुलगी कन्सोलच्या आड खाली बसली. बाबा उभेच होते. बसून दणका खाल्ला तर पाठीला लागतो, पायांनी झेलावा, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. पण गुडघा आता झेलत नाही. जुनीचा काठ बुटका आहे, कठडा त्यांच्या मांडीच्या खाली येत होता, त्यामुळे टेकायलाही काही नाही. चाळीस मिनिटं त्यांनी एका हातानं कन्सोलचा दांडा घट्ट धरून काढली. धक्क्याला लागल्यावर त्यांनी तळहात उघडला तो लाल झालेला होता. तो मला दिसू नये म्हणून त्यांनी लगेच खिशात घातला.

जुनी मोंटॉक वाईट आहे असा अर्थ कृपया कोणी काढू नये. एकटा माणूस किंवा दोघं, गळ घेऊन सकाळी पाचला निघून दहाला परतणारे, त्यांच्यासाठी मी आजही तीच सांगेन. लेक होपॅटकाँगसारख्या तळ्यावर राहणाऱ्यांसाठी तर नक्कीच. ओढायला हलकी, एक माणूस रॅम्पवरून उतरवतो, पेट्रोल जेमतेम खाते. तिच्यात जे कमी आहे ते फक्त लाटेत आणि गर्दीत कमी पडतं. आमचं पाणी लाटेचं आणि माणसं पाच.

१७० आठवड्याभरानं बेव्हिलला पाहिली. २०१६ची, मर्क्युरी ९० फोर-स्ट्रोक, ३१० तास चाललेली. मागितलेली किंमत २४,००० डॉलर, जुनीची होती १३,५००. वारा त्या दिवशी थोडा जास्तच होता. तरी तीच परीक्षा: आधी वारा पाठीवर, मग तोंडावर.

सुरुवातीला मी निराश झाले. जुनीची ती उसळी हिच्यात नाही. पाण्यावर चढायला वेळ लागतो, सुकाणू जड वाटतं, वळताना बोट विचार करून वळते. पण तोंड दक्षिणेला वळवलं आणि सतरा-अठरा मैलांवर इंजिन स्थिर केलं, तेव्हा फरक पायांना कळला. दणका येतो, पण तो आधी वजनात मुरतो आणि मग पायाशी पोचतो. नाळ लाट कापते, पाणी बाहेरच्या बाहेर फेकलं जातं. अंगावर अजिबात उडालं नाही असं नाही. वारा तिरका असताना उजवीकडून दोन-तीन शिडकावे आलेच. पण मुलगी पुढच्या आसनावर बसून राहिली, खाली लपली नाही. आणि बाबा काठाला मांडी टेकून उभे होते, दोन्ही हात मोकळे. काठ जुनीपेक्षा काही इंचच उंच. त्या काही इंचांसाठी मी नऊ हजार डॉलर जास्त दिले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन.

परत येताना त्यांनी सुकाणू मागितलं. शेवटचं लाँचचं सुकाणू सोडून त्यांना सोळा वर्षं झाली. धक्क्याला लावताना वारा बाहेर ढकलत होता. त्यांनी इंजिन दोनदा मागे घेतलं, एकदा पुढे, आणि बोट लाकडी खांबाला अशी चिकटली की मालकानं दोरीसाठी पुढे केलेला हात तसाच राहिला. या राज्यात इंजिनाची बोट चालवायला सुरक्षेच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र लागतं हे मला माहीत होतं. तेवढ्या दोन मिनिटांसाठी मालक आणि मी त्यांच्या दोन बाजूंना उभे होतो. आता त्यांचं नाव पुढच्या उन्हाळ्याच्या वर्गात घालणार आहे.

घेण्याआधी बोट तपासणारा सर्व्हेअर लावला, ४०० डॉलर घेतले. वसूल झाले. पेट्रोलची नळी कडक होऊन तडकत होती (दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या नळ्या लवकर जातात), तळातलं पाणी उपसायचा पंप बंद, ट्रेलरच्या एका चाकाचं बेअरिंग कुरकुरत होतं. सांगाडा कोरडा. या यादीवर १,५०० कमी झाले. नोंदणी करताना एक सुखद गोष्ट कळली: न्यू जर्सीत बोटीवर विक्रीकर निम्म्या दरानं लागतो, ३.३१२५ टक्के. २२,५०० वर साधारण ७४५ डॉलर.

ओढण्याचा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. बोट, इंजिन, ट्रेलर, पेट्रोल, सामान मिळून ही वरात २,७०० पौंडांच्या आसपास जाते. आमच्या टोयोटा सिएना गाडीची मर्यादा ३,५०० आहे, म्हणजे चालतं, पण गार्डन स्टेट पार्कवेवर ब्रेक लावताना ती मागे आहे हे विसरता येत नाही. लहान गाडी असलेल्यांनी हा आकडा बोटीच्या किमतीत धरावा. जुनी बरीच हलकी आहे, पण तिच्यासाठीही गाडीची मर्यादा आधी बघा.

रोजच्या वापराचं थोडं. नवीत मागच्या सीटची पाठ दोन्हीकडे फिरते, त्यामुळे बाबा चालत्या बोटीत पुढे तोंड करून आणि नांगर टाकल्यावर मागे तोंड करून बसतात. सावली नाही. ती वेगळी घ्यावी लागते, आणि जुलैच्या उन्हात लागतेच. चार तासांच्या फेरीत आम्हाला नऊ गॅलन लागले, त्यात टाइसेस शोलला नांगर टाकून मुलांनी डुंबलेला दीड तास आहे. कंबरभर पाणी, खाली वाळू. बारा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना चालत्या बोटीत जॅकेट सक्तीचं आहे. आमच्याकडे ते सगळ्यांनाच आहे, बाबांनाही. सुरुवातीला त्यांनी कुरकुर केली. मी म्हटलं, तुम्ही लाँचवर प्रवाशांना काय सांगत होता? मग घातलं.

बार्नेगट इनलेटमधून बाहेर समुद्रात मात्र आम्ही दोन्हींपैकी एकीनंही गेलो नाही आणि जाणार नाही. ओहोटीचा लोंढा बाहेर आणि वारा आत, अशा वेळी तिथे लाटा फुटतात. बाबांनी ते मुख दुरून पाच मिनिटं पाहिलं आणि हातानंच नको म्हणाले.

नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा केली. नारळ फोडून पाणी नाळेवर घातलं, खोबरं पोरांनी तिथेच संपवलं, करवंट्या पिशवीत घालून घरी आणल्या.

वेअरटाउनची १९८४ची बोट मी हे लिहीपर्यंत विकली गेलेली नाही. दोघंच जण असाल, तळ्यावर किंवा सकाळच्या खाडीत जाणार असाल, तर ती जरूर बघा. मालक दुपारीसुद्धा फिरवून आणतो. वजनकाट्याची पावती माझ्याकडे आहे, मागितलीत तर पाठवीन.